चौदा पाकिटांचं कपाट

मी एक कपाट बोलतोय. लोखंडी, दोन दारांचं, उजव्या दाराला पोचा आलेलं. कपाटं एरवी नुसती करकरतात, बोलत नाहीत, हे मलाही माहीत आहे. आमची जातच पोटात ठेवणारी. पण मी जे पोटात ठेवलं ते ठेवायला नको होतं, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, जोडला, वर राखाडी रंगाचे दोन हात मारले, झालो मी तयार. माझ्या भावंडांच्या दारांना आरसे लागले. माझी पाळी आली तेव्हा आरसे संपले होते. त्यामुळे लोक माझ्यासमोर उभे राहून केस विंचरत नाहीत, आणि मी बिनआरशाचं कपाट म्हणून जरा दुय्यमच राहिलो. याचं मला बरेच दिवस वाईट वाटायचं.

पहिली बारा वर्षं मी एका परिचारिकेच्या घरी होतो. त्या घरात माझ्या पोटात काय नव्हतं? स्वेटर, दुलया, पोरांच्या शाळेची प्रगतिपुस्तकं, लग्नातले फोटो, कुणीही न वापरलेली टीपॉटची जोडी. किल्ली कायम कुलपातच लटकलेली असायची. पोरं लपाछपीत माझ्यात शिरायची आणि आतून खुदुखुदु हसायची, म्हणजे राज्य असलेल्याला शोधायचे कष्ट नकोत. पुढे बाई लहान घरात राहायला गेल्या आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात आलो. तिथून मला मालकांनी उचललं.

मालक म्हणजे शिवणकामाच्या शेडचे मालक. तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली, तिच्यात चौदा मशिनी. सात खिडकीच्या बाजूला, सात भिंतीच्या बाजूला. प्रत्येक मशिनीवर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला, एक ते चौदा. खोलीच्या टोकाला काचेच्या दाराचं छोटं ऑफिस आणि त्या ऑफिसात मी. मालकांनी माझं जुनं कुलूप काढून नवं, भक्कम बसवलं. त्याची किल्ली ते सदऱ्याच्या खिशात, पेनाला खेटून ठेवत. माझी छाती फुगली. म्हटलं, आता आपल्याकडे काहीतरी मोलाचं येणार.

आलंच. एके दिवशी चौदा बायका जिना चढून वर आल्या. सीमेपलीकडच्या गावांतून, दोन दिवसांचा प्रवास करून. कुणाच्या हातात पेटी, कुणाच्या हातात नुसतं गाठोडं. मालकांनी त्यांना पाणी दिलं, विचारपूस केली आणि म्हणाले, "पासपोर्ट आणा इकडे. एवढ्या जणी एका खोलीत राहणार, हरवतील. इथे कपाटात सुरक्षित राहतील."

बायकांनी दिले. काहींनी तर आभार मानले. मालकांनी एकेक पासपोर्ट तपकिरी पाकिटात घातला, पाकिटाला पिना मारल्या आणि वर आकडा लिहिला. नावं नाहीत. "नावं कुठे लक्षात राहतात," ते स्वतःशीच म्हणाले, "मशीन नंबर बरा." माझ्या तिसऱ्या कप्प्याच्या कडेला त्यांनी चौदा चिठ्ठ्या डकवल्या आणि प्रत्येकीमागे एकेक पाकीट उभं केलं. मला खरंच अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

मालक दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. कुणाला ताप आला तर स्वतः औषध आणून देत. पण त्यांच्या तोंडी एक शब्द होता, "बघू." सुट्टी हवी? बघू. पासपोर्ट जरा हवाय? बघू. या 'बघू'चं कधी 'बघितलं' झालेलं मी तरी पाहिलं नाही.

शेडचं दार दिवसा उघडंच असायचं. सुट्टीच्या दिवशी बायका खाली बाजारात जाऊन यायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, यांना कुणी अडवलंय? पण पासपोर्टावाचून सीमा ओलांडता येत नाही, दुसरीकडे काम मिळत नाही, रस्त्यात कुणी हटकलं तर दाखवायला काही नसतं. दाराला कुलूप नव्हतंच. कुलूप मला होतं, हे समजायला मला वर्ष लागलं.

ते कसं समजलं तेही सांगतो. अकरा नंबरच्या मशिनीवर एक बाई बसायची. वय पंचेचाळीसच्या आसपास, सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्या तिला मावशी म्हणत. शेडमध्ये तान्ह्या बाळांचे कपडे शिवले जात, एका मोठ्या दुकानासाठी, ज्याच्या म्हणे शहरोशहरी शाखा आहेत. झबली, टोपडी, मोजे. मावशीकडे झबल्यांचे गळे होते. दिवसाला दीडशे गळ्यांना ती पट्टी लावायची. प्रत्येक झबल्याला शेवटी एक कागदी बिल्ला अडकवला जायचा. त्यावर छापलेलं असे, 'मायेनं शिवलेलं'.

पहिल्या वर्षी मावशीचे वडील गेले. फोन आला तेव्हा ती ऑफिसात धावत आली. "मालक, मला जायचंय. चार दिवसांत परत येते."

मालक खरंच हळहळले. म्हणाले, "वाईट झालं. पण ऐन हंगाम आहे. पुढच्या महिन्यात बघू."

ती मागे वळली. जाताना माझ्यासमोर थांबली आणि माझ्या दारावर तळहात ठेवला. तळहाताला कापडाचा भुगा चिकटलेला होता. तिच्या हातात आणि तिच्या पासपोर्टात माझ्या पत्र्याची तेवढी जाडी होती. मी काय करणार होतो? कपाटाला आतून दार उघडता येत नाही. पण त्या दिवसापासून माझा अभिमान जो उतरला तो उतरलाच.

आता टाचणीबद्दल. चार नंबरच्या मशिनीवर, खिडकीशी, एक पोरगी बसायची. आली तेव्हा एकोणीस वर्षांची. सतत ओठांत टाचण्या धरून काम करायची, म्हणून तिचं नाव टाचणी पडलं. टाचण्या तोंडात असेपर्यंत ती मुकी, आणि काढल्या की दिवसभराचं साठलेलं एका दमात बोलून टाकायची. मावशी तिला म्हणायची, "अगं, श्वास तरी घे." दोघींचं गूळपीठ होतं. पोरीची आई तिच्या लहानपणीच गेलेली, आणि मावशीची लेक पलीकडे, सासरी. दोघींनी एकमेकींत आपापलं माणूस शोधलं.

दुसऱ्या वर्षी मावशीच्या लेकीला दिवस गेले. पहिलटकरीण. सासरी वडीलधारं बाईमाणूस कुणी नाही. "आई, तू येशील ना?" असं ती दर फोनवर विचारायची, आणि मावशी "येणार म्हणजे काय, येणारच" असं ठणकावून सांगून फोन ठेवायची. मग बराच वेळ तिच्या मशिनीचा आवाज यायचा नाही.

नववा महिना सरत आला तसा मावशीनं पुन्हा मालकांपुढे विषय काढला. "मालक, लेकीचे दिवस भरत आलेत. दोन आठवडे राहिले. पासपोर्ट द्या."

मालक कॅलेंडराकडे बघत म्हणाले, "परवा दुकानाकडून तपासणी आहे. ती नीट पार पडू दे. मी पढवेन तसंच बोलायचं. मग बघू." पहिल्यांदाच त्या शब्दात थोडी आशा होती. मावशीनं ती घट्ट धरून ठेवली.

तपासणी मी आधीही एक पाहिली होती. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते. त्यांनी आग विझवायची लाल नळकांडी मोजली, चहा घेतला आणि मालकांना विचारलं, "कागदपत्रं कामगारांकडेच असतात ना?" मालक म्हणाले, "हो तर." त्यावर त्या गृहस्थांनी, माझ्याच अंगाला टेकून, त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. माझ्या पोटात चौदा पाकिटं होती. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात, तसला तो कारभार.

या वेळी मालकांनी तयारी जास्त केली. बायकांकडून उत्तर पाठ करून घेतलं: पासपोर्ट कुठे असतो? माझ्याजवळच असतो, कायम. तपासणीच्या सकाळी त्यांनी माझं दार उघडलं, पाकिटं काढली आणि ओळीतून चालत एकेक मशिनीवर ठेवत गेले. एक, दोन, तीन, चार. तोंडाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. "ॲप्रनच्या खिशात घाला. पिना काढू नका. विचारलं तर वरून दाखवा, संध्याकाळी परत द्या." मग मला बंद करून त्यांनी माझ्या डोक्यावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सजवलं, तेही लपवायला.

पण एक गोष्ट मालकांना माहीत नव्हती. अकरा नंबर भिंतीकडे होता, तिथे उजेड कमी. रडून म्हणा, वयानं म्हणा, मावशीच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं होतं आणि गळ्याच्या पट्ट्या वाकड्या जायला लागल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "मावशी, तू माझ्या जागी खिडकीशी बस. मला भिंतच बरी, ऊन नाही लागत." उन्हाचं काय, ती थंडीनं कुडकुडणारी पोरगी होती. दोघींनी जागा बदलल्या. मशिनी सारख्याच, काम सारखंच. मालक गठ्ठ्यांची उंची बघत, माणसं नाही. त्यांना पत्ताच लागला नाही.

म्हणजे चार नंबरचं पाकीट गेलं मावशीच्या खिशात आणि अकरा नंबरचं टाचणीच्या. उघडून बघायची तर मनाईच होती.

तपासणीला या वेळी एक बाई आल्या. मध्यम वयाच्या, पायात चालून झिजलेले बूट. नळकांडी त्यांनीही पाहिली, पण मग म्हणाल्या, "मला कामगारांशी बोलायचंय. इथे ऑफिसात बसते. तुम्ही जरा बाहेर थांबाल?" मालक काचेच्या दाराबाहेर थांबले, हसऱ्या चेहऱ्यानं, आत बघत. बाई बायकांना म्हणाल्या, "दोघी दोघी या. एकटीला उगीच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

मावशी आणि टाचणी जोडीनं आल्या. माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या. मावशी हात ॲप्रनला पुसत होती.

"तुमचा पासपोर्ट कुठे असतो, मावशी?"

"माझ्याजवळच असतो, कायम."

"बघू?"

मावशीनं पाकीट काढून वरून दाखवलं.

"पिना तशाच? उघडा की."

मावशीनं दाराकडे पाहिलं. मालक हसतच होते. तिनं नखानं एकेक पिन उचकटली, पासपोर्ट काढला आणि पहिलं पान उघडलं. आणि तिथेच थांबली.

फोटोत टाचणी होती. दोन वर्षांपूर्वीची. गाल भरलेले, डोळ्यांत खट्याळपणा, फोटोवाल्यानं हसू नको म्हणून बजावलेलं असावं आणि तरी हसू कोपऱ्यातून सुटलेलं.

टाचणीनं घाईघाईनं आपलं पाकीट फाडलं. आत मावशीचा चेहरा. पोरगी हुशार. लगेच म्हणाली, "आम्ही दोघी एकाच पेटीत ठेवतो ना बाई, अदलाबदल झाली. नेहमीच होते आमची." तिला ठाऊक होतं की तपासणी बिघडली तर मावशीचं जाणं बुडालं. स्वतःसाठी ती बोलत नव्हती.

बाईंनी काही लिहिलं नाही. त्या मावशीकडे बघत राहिल्या.

मावशी फोटोकडे बघत होती. मग तिनं शेजारच्या पोरीकडे पाहिलं. तिचे बसलेले गाल, डोळ्यांखालचं काळं, ओठांच्या कडेला टाचण्यांचे बारीक व्रण. परत फोटो, परत पोरगी. हळू आवाजात म्हणाली, "अगं, तू अशी होतीस?"

"मावशी, गप्प बस," टाचणी कुजबुजली. "तुझी लेक वाट बघतेय."

"तूही कुणाची तरी लेकच आहेस," मावशी म्हणाली. मग बाईंकडे वळली.  "हा फोटो मी आज पहिल्यांदा बघतेय. माझाही दोन वर्षांत आज पहिल्यांदाच बघतेय. पासपोर्ट आमच्याकडे नसतात, बाई. त्या कपाटात असतात. आज सकाळी दिलेत, संध्याकाळी परत घेणार."

आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. लाज वाटली मला. पण त्या लाजेत एक सुटकाही होती, खोटं का बोलू.

लगेच मावशी हात जोडून म्हणाली, "पण ऑर्डर बंद करू नका. ह्या सगळ्या कुठे जातील?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ऑर्डर काढून घेतली तर दुकानाचे हात स्वच्छ राहतील आणि तुम्ही रस्त्यावर याल. त्यासाठी नाही आले मी. आमच्या एका शाखेत एक आजीबाई झबलं घ्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे शिवणारी बाई बरी आहे ना? कुणालाच उत्तर देता येईना. आजीबाई चार वेळा आल्या, चारही वेळा तेच विचारलं. शेवटी वरपर्यंत गेलं आणि मला सांगितलं, या वेळी माणसांशी बोल. कोण काय म्हणालं ते मी मालकांना सांगणार नाही. सगळ्यांशी बोलते, मग बघते."

त्या सगळ्यांशी बोलल्या. सातही जोड्यांशी. मग मालकांना आत बोलावून म्हणाल्या, "हे कपाट उघडता?"

"किल्ली घरी राहिली," मालक म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशातून पेनाच्या शेजारी डोकावत होती. बाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मालकांनी मला उघडलं.

मी रिकामा होतो. पण तिसऱ्या कप्प्याच्या कडेला चौदा चिठ्ठ्या होत्या, एक ते चौदा, आणि टेबलावर पडलेल्या पाकिटांवर त्याच अक्षरातले तेच आकडे. मला बोलता आलं नसतं, पण त्या चिठ्ठ्या माझ्या अंगावर होत्या, तेवढी साक्ष पुरली.

"मी यांना लेकींसारखं सांभाळतो," मालक म्हणाले. "हरवले असते कागद."

"तुमचा पासपोर्ट कुठे असतो?"

"घरी. माझ्या खणात."

"खणाची किल्ली?"

"माझ्याकडे." एवढं म्हणून मालक खाली बसले. थोड्या वेळानं जरा चिडून म्हणाले, "आणि तुमचं दुकान? महिन्याचं काम तीन आठवड्यांत मागता. एक बाई गेली तर माल कसा पोचवू?" बाईंनी तेही लिहून घेतलं. म्हणाल्या, "हे खरं आहे. याचं उत्तर दुकानानं द्यायचंय. तारखा मी बदलून आणते. पण पासपोर्ट आत्तापासून ज्याचे त्याच्याकडे. मी परत येईन, आणि कधी ते कळवणार नाही."

ऑफिसच्या दारात मावशीनं टाचणीचा पासपोर्ट तिच्या हातात ठेवला आणि टाचणीनं मावशीचा मावशीच्या. सगळ्या आपापले फोटो बघत होत्या. कुणी हसलं, कुणी डोळे पुसले, एक जण म्हणाली, "बाई गं, मी कसलं ध्यान दिसतेय." खूप दिवसांनी त्या खोलीत हशा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी निघाली. मालक "गळे कोण लावणार" असं काहीतरी पुटपुटले. बायकांनी तिच्या मशिनीवरचे गठ्ठे उचलले आणि आपापसांत वाटून घेतले. एकीनं विचारलं, "नातवंडाला एखादं झबलं शिवून देऊ?" मावशी म्हणाली, "नको बाई. झबली बघून बघून डोळे शिणले माझे. मला नुसता पोरीचा हात धरून बसायचंय." पासपोर्ट तिनं पोलक्याच्या आत ठेवला होता. जिना उतरताना दर दोन पायऱ्यांना ती तो चाचपत होती.

सहाव्या दिवशी टाचणीचा फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला, माझ्या शेजारीच. "मुलगी झाली गं," मावशी सांगत होती. "सगळा वेळ हात धरून बसले होते. असला दाबला तिनं, बोटं अजून दुखतायत." मागे एक बारीकसा, चिडका आवाज येत होता. टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, पण त्या दिवशी तिला काही बोलता आलं नाही.

सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. दोन जणी काम सोडून गेल्या, जाऊ शकत होत्या म्हणून गेल्या. मालक आठवडाभर कुणाशी बोलत नव्हते. तारखा थोड्या वाढल्या, पुरेशा नाही. बाई न सांगता दोनदा येऊन गेल्या. मावशी परत आली नाही. तिथेच एका शिंप्याकडे काम धरलंय म्हणते.

माझं कुलूप काढलंय. तिथे आता एक भोक आहे, त्यातून वारा येतो. पोटात दोऱ्यांची रिळं आणि इलॅस्टिकचे गुंडाळे असतात, ज्याला लागेल तो येऊन घेतो. खालून गंज चढतोय. माझे फार दिवस राहिले नाहीत, आणि त्याची खंत नाही.

जाता जाता एकच मागणं आहे. दुकानात तुम्ही कापड चोळून बघता, शिवण उलटून बघता, रंग जाईल का विचारता. तेवढ्यातच आणखी एक विचारा. हे शिवणारी बरी आहे ना? तिला घरी जायचं झालं तर तिला जाता येतं ना? पहिल्यांदा कुणालाच उत्तर देता येणार नाही. विक्रेता पोरगा गोंधळेल, मागचे लोक घाई करतील. तरी परत जा, परत विचारा. कारण एक कपाट बोललं म्हणून सगळी बोलतील असं नाही. कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या दारामागे, ती आज कुलूपबंद उभी आहेत, आणि त्यांच्या दारावर कुणीतरी तळहात ठेवून उभं आहे.